दहा ते दोन, कोणाकडेच नाही

तुमच्या ओळखीत अशी कोणी आई आहे का, जिचा पत्ता महिन्याच्या एक तारखेला बदलतो? घाई करू नका, नीट आठवा. शेजारच्या बिल्डिंगमध्ये असेल, चुलत्याच्या घरी असेल, आणि खोटं कशाला बोलायचं, तुमच्याच घरात असेल. एक महिना ह्या पोराकडं, एक महिना त्या पोराकडं. भाड्याची सायकलसुद्धा लोक इतक्या शिस्तीत परत करत नाहीत.

नाशकातल्या बिलकिसबीचं चार वर्षं असंच चाललं होतं.

बिलकिसबी मूळची सायखेड्याची, पिंजाऱ्याच्या घरातली. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या-उशा भरणारे लोक. बोली अस्सल गोदाकाठची, ती शहरात पन्नास वर्षं काढूनही तिनं कोणाला बदलू दिली नाही. लग्न करून आली ती दूध बाजाराजवळच्या इसाकच्या दुकानावरच्या खोलीत. खाली इसाक कापूस पिंजायचा आणि ही हातभर लांब दाभण घेऊन गादीला टाके घालायची. संध्याकाळी दोघांच्या भुवयांवर कापूस बसलेला असायचा, तो एकमेकांचा झटकून मगच जिना चढायचे. त्याच खोलीत मुबीन झाला, त्याच खोलीत सरफराज झाला. गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे तुकडे उरायचे, त्याच्या ती दोघांना एकसारख्या चड्ड्या शिवायची. बाजारात लोक त्यांना चिडवायचे, "आल्या बघा इसाकच्या दोन उशा!"

इसाक गेला आणि चाळीसाव्या दिवसाच्या जेवणातच दोन उशांचं वाजलं. धाकटा सरफराज म्हणाला, "भाई, कापसाचे दिवस गेले. आता फोम ठेवू." मोठ्या मुबीनला ते बापाच्या कबरीवर पाय ठेवल्यासारखं लागलं. शब्दानं शब्द वाढला. महिन्याभरात दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. अलीकडं कापूस, पलीकडं फोम. मुबीन नाशकातल्याच वडाळ्याला राहायला गेला, सरफराज अशोका मार्गावर फ्लॅटात. वरच्या खोलीचं काय करायचं ते काही ठरेना, तेव्हा दोघांनी तिच्या कडीला आपापलं कुलूप घातलं. एक उघडून उपयोग नाही. दोन्ही उघडायची तर दोघं एका वेळी जिना चढायला हवेत, आणि तेवढं शहाणपण असतं तर कुलपं कशाला लागली असती?

बिलकिसबीला ती खोली हवी होती. बाकी काही नको, खोली. तिनं मुबीनला सांगितलं, "मला वर ऱ्हाऊ द्या रं." मुबीन म्हणाला, "अम्मी, माझी काही हरकत नाही. त्याला विचार." सरफराजला सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी, माझी कुठं ना आहे? त्याला विचार." दोनचार महिने ती दोघांमध्ये हेलपाटे घालत राहिली, मग गप्प बसली. आईला वाऱ्यावर सोडलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून दोघांनी एक तारीख मात्र कधी चुकवली नाही. दहा वाजता एक जण बिल्डिंगच्या गेटवर सोडणार, दुसरा वरून खाली येणार, आणि पहिल्याची गाडी वळल्यावरच दुसरा गेटबाहेर पाऊल टाकणार. सुनांवर खापर फोडायची सवय असेल तर इथं हात आवरा. दोघी सुना तिला जपायच्या. गरम पाणी, औषधं, मऊ भाकरी, सगळं होतं. फक्त दर महिन्याच्या पहिल्या नमाजला बिलकिसबी जानमाजची चटई हातात घेऊन क्षणभर घुटमळायची. मुबीनच्या घरी पश्चिम कपाटाकडं आणि सरफराजच्या घरी बाल्कनीकडं. "आज मी कुठं हाय?" असं ती स्वतःलाच हळूच विचारायची.

आता पोरींचं. मुबीनची आफिया आणि सरफराजची इन्शा, दोघी एकाच शाळेत. बापांचं बोलणं बंद, म्हणून पोरींनी डबा वेगळा खावा असा हुकूम निघाला नव्हता. तो काढायचा राहून गेला होता एवढंच. मधल्या सुट्टीत दोघींचं सगळं गूळपीठ. दिवाळीच्या सुट्टीत दोघींनी आपापल्या घरी एकच हट्ट धरला, घोटीच्या पुढं नवीन झालेल्या 'स्वप्नगड' पार्कात जायचं. आणि तारीखही एकच. ऑक्टोबरचा शेवट, नोव्हेंबरची सुरुवात.

दुकानातलं दिवाळीचं गिऱ्हाईक आटोपलं होतं. मुबीननं पार्काबाहेरच्या रस्त्यावरचं हॉटेल घेतलं, साधं, स्वच्छ. सरफराजला कुठूनसा सुगावा लागला की भाई पण तिकडंच आहे. त्यानं लगेच पार्काच्या आतलं रिसॉर्ट घेतलं. माघार घेणं दोघांच्या रक्तात नाही. आणि मग दोघांच्याही ध्यानात आलं की सहलीच्या मधोमध एक तारीख येते. एकतीसपर्यंत अम्मी मुबीनची, एकपासून सरफराजची.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? सहल आहे, दोन दिवस इकडं काय आणि तिकडं काय, सोडून दिलं असतं. पण सोडून देणारा हरला, असं दोघांचंही गणित. मुबीननं मोठ्या सुनेकडून धाकटीला मेसेज धाडला, "एक तारखेला अम्मी रिसॉर्टवर येतील." धाकटीनं नवऱ्याला विचारून उत्तर पाठवलं, "ठीक." एका सहलीत म्हातारीचं हॉटेल बदलायचं ठरलं, आणि म्हातारीला ते घाटाच्या अलीकडं गाडीत कळलं.

"म्हंजी हितं बी पाळी?" ती म्हणाली.

"अम्मी, रिसॉर्ट भारी आहे," मुबीन आरशात न बघता म्हणाला. "तुलाच बरं."

मुबीन वाईट नव्हता. पहिल्या दिवशी पार्कात त्यानं तिच्या चपला हातात घेतल्या, ओल्या फरशीवरून तिला कडेकडेनं नेलं, बसायच्या प्रत्येक जागी आधी स्वतःच्या टॉवेलनं पुसलं. मोठ्या पाळण्यातून किंचाळत खाली येणारी माणसं बघून बिलकिसबी म्हणाली, "हे लोक आपल्या मर्जीनं बोंबलतायत व्हय?" तेव्हा तो इतका हसला की तिला तो सात वर्षांचा दिसला. पण एक तारीख उजाडली आणि त्याचं तोंड पुन्हा गेटवरच्यासारखं झालं. हॉटेलवाल्यानं तिच्या मनगटावरचा नारिंगी पट्टा कात्रीनं कापला. ह्या पट्ट्याशिवाय पार्कात कोणाला सोडत नसत. मुबीननं तिला रिसॉर्टच्या गेटबाहेरच्या काउंटरपाशी आणलं.

"सरफराज पिंजारी यांच्या नावावर आहे," तो काउंटरवरच्या मुलीला म्हणाला. "ही बॅग, आणि ही आमची अम्मी."

बॅग आधी, अम्मी नंतर. बिलकिसबीनं ते ऐकलं. तिच्या डोक्यावरचा पदर नीट करून तो गेला. सून चार वेळा मागं वळून बघत गेली आणि आफिया तर वळूनच चालत होती.

काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर मृण्मयी असं नाव होतं. तिनं संगणकात बघितलं. "आजी, तुमची खोली दोन वाजता मिळेल."

"मंग तवर?"

"सरांनी सांगितलंय बसवून घ्या म्हणून. ते वॉटरपार्कला गेलेत, फोन लॉकरमध्ये असतो तिथं." मुलगी ओशाळली. "तुम्ही आत जाऊन बसला असता, पण पट्टा खोली मिळाल्यावरच देतात. जुन्या हॉटेलचा पट्टा नाही का?"

बिलकिसबीनं मोकळं मनगट दाखवलं.

ती बाहेर आली. कारंज्यापाशी, गेटच्या अलीकडं एक बाक होता. तिथं बॅग ठेवून बसली. गेटवर निवृत्ती नावाचा पन्नाशीचा रखवालदार होता, इथलाच, घोटीकडचा. त्यानं थोडा वेळ बघितलं आणि जवळ आला.

"आजी, कोणाची वाट बघताय?"

"कोणाची नाय."

"मंग कोणाबरं आल्याय?"

"दहा वाजंपोतर थोरल्याबरं व्हते. दोन वाजल्यावर धाकल्याबरं असंन."

निवृत्तीनं डोकं खाजवलं. "आन मधी?"

"मधी कोणाबरंच नाय," बिलकिसबी म्हणाली.

बोलून गेली खरी. आधी लाज वाटली. लोक येतायत, जातायत, लेकरांच्या डोक्यावर सशाचे कान, आणि आपण बस चुकलेल्या बाईसारखं बॅगेला टेकून बसलोय. मग राग आला. दोन हट्टेकट्टे पोरं पोटी असताना आपल्याला काउंटरवर पार्सलसारखं ठेवून जातात? तिला वाटलं, आत्ता महामार्गावर जावं, नाशकाची एसटी धरावी आणि दुकानाच्या जिन्यावर जाऊन बसावं. पण जिन्याच्या वर दोन कुलपं होती. जाऊन जाऊन जाणार कुठं?

निवृत्तीनं त्याच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला. तिनं तो प्याला. कोणी "अम्मी, साखर कमी" म्हणालं नाही. कोणी "पंख्याखाली बसू नको" म्हणालं नाही. घोटीकडच्या खाचरांत भाताची कापणी चालली होती, वाऱ्याबरोबर पेंढ्याचा वास येत होता. चप्पल काढून तिनं पाय बाकावर घेतले, मांडी घातली. चार वर्षांत ती अशी, कोणाच्याही घरात नसताना, बसली नव्हती. राग गेला नाही, पण त्याच्या खाली थोडी जागा झाली.

दुपारच्या नमाजची वेळ झाली तेव्हा तिनं विचारलं, "दादा, मावळत कुठं रं?"

"ती बघा, कसाऱ्याच्या अंगाला." निवृत्तीनं हातातली काठी तिकडं रोखली आणि कारंज्यापाशी फोटो काढणाऱ्या चौघांना दरडावलं, "ओ, तिकडं सरका जरा! आजींना नमाज पढायचाय."

हिरवळीवर जानमाज अंथरून ती उभी राहिली. आज घुटमळली नाही.

नमाजच्या शेवटी सलाम फेरायला मान वळवली तर उजवीकडं आफिया आणि डावीकडं इन्शा. दोघी ओल्याचिंब, केसांतून पाणी गळतंय, तोंडं रडवेली.

"दादी, तू इथं काय करतेस?" इन्शा म्हणाली. "अब्बू म्हणाले तू रूममध्ये झोपलीयस!"

"रूम दोन वाजता मिळती म्हनं."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि आफियाला एकदम रडू फुटलं. "सगळं आमच्यामुळं झालं, दादी. एक तारीख मध्ये येईल अशीच आम्ही सुट्टी काढायला लावली. आम्हाला वाटलं, इथं बिल्डिंगचं गेटबिट नाही, तुला सोडायला अब्बूंना काकांच्या खोलीवर यावंच लागेल. दोघं समोरासमोर येतील. मग बोलतील."

"आणि त्यांनी तुला काउंटरवर ठेवलं," इन्शा म्हणाली. "कुरिअर केलं तुझं."

बिलकिसबीनं दोघींना जवळ ओढलं आणि पदरानं आधी एकीचं डोकं पुसलं, मग दुसरीचं. पदर भिजून गार झाला. ही शेंबडी पोरं आपल्यासाठी डाव मांडत बसली आणि आपण चार वर्षं गप्प बसलो, हे तिला लागलं. चांगलंच लागलं.

"रडू नका गं," ती म्हणाली. "डाव तुमचा चांगला हाय. येकच माणूस कमी पडलं त्यात."

"कोण?"

"मी."

दोन वाजता मृण्मयी स्वतः बाहेर आली. हातात निळा पट्टा. "आजी, खोली तयार आहे. हात द्या."

बिलकिसबीनं हात पदराखाली घेतला. "नको, बाय."

"अहो, पण..."

"तुझ्यावर राग नाय माझा. पर मी येत नाय."

मृण्मयी घाबरली. तिनं वॉटरपार्कमध्ये निरोप पाठवला आणि पाचव्या मिनिटाला सरफराज धावत आला. वॉटरपार्कात सुती कपडे चालत नव्हते. ज्याच्याकडं नायलॉनचे नसतील त्याला तिथलेच भाड्यानं घालावे लागत. फोमवाल्यानंही घरून सुतीच चड्डी आणली होती, त्यामुळं त्याच्या अंगावर पार्काची पोपटी चड्डी होती, तिच्यावर पिवळी बदकं.

"अम्मी, काय झालं? चल ना वर."

"मी नाय येत."

"मग? भाईकडं जायचंय?" त्याचा आवाज दुखावला. "माझी पाळी आहे, अम्मी."

"त्याच्याकडं बी नाय जायचं. त्याला बोलव हितं."

"मी?"

"मंग कोण, रखवालदार?"

निवृत्ती दुसरीकडं बघू लागला. सरफराजनं ओठ चावले. त्याच्याकडं भावाचा नंबरच नव्हता, चार वर्षांपूर्वी काढून टाकला होता. इन्शानं न विचारता तो तोंडपाठ सांगितला. सरफराजनं पोरीकडं एकदा बघितलं, आणि मृण्मयीनं पुढं केलेल्या फोनवर एकेक आकडा दाबला. मुबीन नुकताच पाण्यातून लॉकरपाशी आला होता, त्यानं उचलला. सरफराज एकदम म्हणाला, "भाई, अम्मी गेटवर बसलीय. ये." आणि फोन ठेवला.

मुबीन आला तो पळतच. त्यानंही सुतीच आणली होती. त्याच्याही अंगावर पोपटी चड्डी, तीच पिवळी बदकं.

दोघं तिच्यासमोर उभे राहिले. एकाला टक्कल पडत चाललेलं, दुसऱ्याचं पोट सुटलेलं, पाणी टपटपतंय आणि खाली एकसारख्या चड्ड्या. बिलकिसबीनं दोघांना वरून खालपर्यंत बघितलं. कडक बोलायचं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. पोरींना आधी कळेना, मग त्याही हसल्या. निवृत्तीनं टोपी तोंडावर घेतली.

"काय झालं, अम्मी?" मुबीन कावराबावरा झाला.

"आल्या," ती डोळे पुसत म्हणाली, "इसाकच्या दोन उशा."

मुबीननं खाली स्वतःकडं बघितलं, मग सरफराजकडं. सरफराजनंही. कोणी हसलं नाही, पण दोघांच्याही खांद्यांतला ताठा थोडा उतरला.

मग बिलकिसबी सरळ बसली. "ऐका. मी आता पाळीला जाणार नाय. ह्याच्याकडं नाय आन त्याच्याकडं नाय. मला माझी वरची खोली पायजे."

"अम्मी, माझी काही हरकत नाही," मुबीन म्हणाला, "त्याला..."

"माझी तरी कुठं ना आहे," सरफराज त्याच वेळी म्हणाला, "त्याला..."

दोघं एकाच शब्दावर थांबले.

"इचारा की मंग," बिलकिसबी म्हणाली. "उभा हाय तो म्होरं."

कारंजं वर गेलं, खाली आलं. आफियानं इन्शाचा हात घट्ट धरला होता. सरफराज पायानं ओली फरशी घासत राहिला. शेवटी जमिनीकडं बघत म्हणाला, "भाई, तुझ्या कुलपाची किल्ली... आहे का?"

"आहे," मुबीन म्हणाला. "गाडीतच असते. रोज गाडीत असते. वाटायचं, तू म्हणशील कधीतरी. तुझी?"

सरफराजनं मान कारंज्याकडं वळवली.

"तुझी कुठाय?"

"हरवली."

"कधी?"

"कुलूप घातलं त्याच्या दुसऱ्याच महिन्यात. शिफ्टिंगमध्ये." त्याचे कान लाल झाले. "तुला कसं सांगणार होतो? तू म्हणाला असतास, फोमवाल्याला एक किल्ली सांभाळता येत नाही."

"म्हणालोच असतो," मुबीन म्हणाला.

"बघ, अम्मी!"

"मग काय करायचं?" मुबीन धाकट्याकडं बघून म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्याच्याकडं सरळ बघितलं. "तोडू?"

"तोडू."

बिलकिसबीनं भिजलेला पदर दोन्ही हातांनी पिळला, सावकाश, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग मृण्मयीपुढं हात केला. "आन तो पट्टा, बाय. बांध."

"म्हणजे येतेस ना माझ्याकडं?" सरफराजचा चेहरा उजळला.

"तुझ्याकडं नाय. ती खोली आज माझी. ह्या दोघी पोरी माझ्या पाव्हण्या. तुमी दोघं आपापल्या बायकांकडं जा, आन आधी त्या चड्ड्या बदला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दूध बाजारात दोन गाड्या एकामागं एक थांबल्या. मुबीननं जिना चढून आपलं कुलूप उघडलं. सरफराजनं आपलं कुलूप शेजारच्या लोहाराचा हातोडा आणून तोडलं. तिसऱ्या घावाला त्याच्या बोटाला लागलं, तेव्हा मुबीननं त्याच्या हातातून हातोडा घेतला आणि "सरक" म्हणाला. त्याहून गोड बोलणं दोघांना जमलं नाही, आणि बिलकिसबीनं तेवढ्यावर भागवलं. आत, भिंत घालताना वर टाकलेल्या, विकल्या न गेलेल्या जुन्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. दोघांनी मिळून त्या खाली उतरवल्या, आईनं झाडू घेतला.

दुकानातली प्लायवूडची भिंत आजही तिथंच आहे. चार वर्षांचा अबोला एका सहलीत विरघळला असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अजूनही कापसावरून आणि फोमवरून खालून भांडणाचा आवाज येतो, आणि वरून बिलकिसबी खराटा फरशीवर आपटते, की दोघं गप्प. पण आता पाळी तिची नसते, पोरांची असते. एक दिवस मुबीन डबा घेऊन जिना चढतो, एक दिवस सरफराज. शनिवारी पोरी राहायला येतात. त्यांना ती गादीला टाके घालायला शिकवते, आणि टाका चुकला की दोघींच्याही पाठीत एकेक धपाटा घालते, एकसारखा.

दूध बाजाराकडं कधी गेलात तर बिलकिसबीला भेटा. जिना अरुंद आहे, पण भिंतीला दोर बांधलेला आहे, तो धरा. चहा नको म्हणू नका, ती ऐकणार नाही. फक्त एक करा. म्हाताऱ्या माणसाला बघितलं की आपल्या तोंडात आपसूक येणारा तो प्रश्न, "सध्या कोणाकडं असता?", तो जिन्याखालीच ठेवून वर जा.